बाळंतिणीच्या बाजूच्या अक्का

सिनेमात राक्षस कोसळला की सगळं जग टाळ्या वाजवतं. आमच्या अक्का मात्र रिमोट सोफ्यावर आपटायच्या आणि विचारायच्या, "देह दाखविला का? नाही ना? मग मेला नाही!" बोलण्यात इतका ठामपणा, की त्या राक्षसाच्या घरचंच कुणी बोलतंय असं वाटावं.

अक्का म्हणजे माझ्या अड्यारच्या घरमालकीणबाई. मूळच्या तंजावरकडच्या मराठी, जन्मभर मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेलं. मी साताऱ्याहून नोकरीसाठी तमिळ मुलखात आलेली, ऑफिस जवळच शोळिंगनल्लूरला. घर पाहायला गेले तेव्हा मराठी बोलणारी घरमालकीण मिळाली म्हणून मला कोण आनंद! पण त्यांचं मराठी जुन्या पत्रांतलं, वर तमिळ हेल. "कशास", "मज ठाऊक" असं काहीबाही बोलायच्या. माझं ऐकून म्हणाल्या, "तुझ्या मराठीत मराठी थोडीच आहे ग पोरी." घ्या! भाडं ठरायच्या आधीच माझी इज्जत गेली.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे राक्षसपटांची बैठक. दोन परदेशी मालिका होत्या, एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. एकीतली राक्षसीण बर्फाळ चंद्राच्या पोटातल्या समुद्रातून येते, आठ पायांची, आंधळी, पाठीवर अंड्यांची चळत. तिचं नाव अक्कांनी ठेवलं होतं बाळंतीण. दुसरीतला चकचकीत रुपेरी कातडीचा, तळहातातून वीज फेकणारा, आभाळातून ऐटीत उतरणारा. तो जावई. "येतो काय, सगळ्यांस घाबरवितो काय, कामास हात म्हणून लावत नाही!" जावयावर त्यांचा खरा राग होता. तो उडी मारायला लागला की सिनेमा थांबवून म्हणायच्या, "ह्यास गुडघा कुठे आहे दाखव. गुडघ्याशिवाय उडी कशी मारील मेला?" बाळंतिणीने अख्खं अंतराळयान गिळलं तरी तिला सगळं माफ. अंडी सांभाळणारीला भूक लागणारच, असं त्यांचं शास्त्र.

तो देहाचा नियम त्या सिनेमापुरता ठेवत नसत. वाळलेली कढीपत्त्याची कुंडी मी फेकायला निघाले तर "मूळ पाहिले का?" म्हणून हातातून ओढून घेतली. एकदा ऑफिसात आमचं प्रोजेक्ट बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली. मी घरी येऊन जिन्यातच रडत बसले, सातारला परत जायची भाषा करू लागले. अक्का कॉफीचा टंबलर घेऊन बाहेर आल्या. "काढिले असे कोणी लिहून दिले?" "नाही." "म्हणजे देह दाखविला नाही. उद्या जाऊन भांड." मी गेले आणि चांगली भांडले. दुसऱ्या प्रोजेक्टवर जागा मिळाली. नोकरी आजही तिथेच आहे आणि आता मला घाबरतात थोडे.

मग बातमी आली, की दोन्ही मालिका एकत्र येणार. एकाच सिनेमात बाळंतीण विरुद्ध जावई! नेमकं त्याच सुमारास अक्कांचं हृदय कुरकुरू लागलं. डॉक्टरांनी धडधड वाढेल असं काही नको म्हणून बजावलं. सिंगापूरच्या मुलाने व्हिडिओ कॉलवर हात जोडले, "अम्मा, थिएटर नको. टीव्हीवर येईल तेव्हा बघ." अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हृदय माझे, तिकीट माझे. तू आपले काम पाहा कण्णा." मग त्यांनी गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये टाकली आणि रिक्षा बोलवायला सांगितलं.

थिएटरबाहेर जावयाचा हा एवढा कटआउट. पोरं त्याच्यावर दूध ओतत होती, ढोल वाजत होता. बाळंतिणीचं एक साधं पोस्टर भिंतीला चिकटवलेलं, त्याच्याकडे कुत्रंही पाहत नव्हतं. अक्कांनी फुलवालीकडून मल्लीचा, म्हणजे मोगऱ्याचा हार घेतला आणि मला फर्मावलं, "चढ त्या कठड्यावर. घाल तिच्या गळ्यात." मी कंपनीचं ओळखपत्र लटकवलेली शहाणीसुरती बाई, कठड्यावर चढून आठ पायांच्या राक्षसिणीला हार घातला. गळा कुठे ते सापडेना, म्हणून पोस्टरच्या कोपऱ्यालाच अडकवला.

शेवटच्या मारामारीत जावयाने बाळंतिणीला ज्वालामुखीत ढकललं. शिट्ट्या, कागदाचे कपटे, पोरं खुर्च्यांवर नाचायला लागली. अक्का उभ्या राहिल्या, काठी आपटली आणि कडाडल्या, "डेय! बॉडी काट्टिनाना?" देह दाखवला का रे? पोरं चपापली, मग हसायला लागली. अक्का बसेनात. सिनेमा संपल्याची पाटी पडायच्या आधी शेवटच्या दृश्यात राख हलली, आणि तिच्यातून एक काळा पाय वर आला. थिएटर डोक्यावर घेतलं हो पोरांनी! जावयाचे भक्तच ओरडत होते, "पाट्टी मास! पाट्टी मास!" म्हणजे आजी एकदम जबरदस्त! अक्कांनी राणीसारखा हात हलवला आणि माझ्याकडे गोळी मागितली.

काही महिन्यांनी त्या न्हाणीघरात पडल्या. मुलगा धावत आला, आणि तंजावरच्या एका वृद्धनिवासात खोली घेऊन टाकली. "तुझंच गाव आहे ना अम्मा." अक्का म्हणाल्या, "माझे गाव अड्यार. तंजावर माझ्या आजोबांचे." त्याने दबक्या आवाजात सिनेमाला दोष दिला, तर म्हणाल्या, "सिनेमाने मरायचे असते तर तिथेच मेले असते, शिट्ट्यांत." आठवडाभर भांडल्या, पण एकटीने जिना चढवेना हे त्यांनाही कळत होतं. एग्मोर स्टेशनवर मी हमसून हमसून रडले. खिडकीतून माझा कान धरून त्या म्हणाल्या, "कशास ग रडतेस? इंटरव्हल आहे."

इंटरव्हल लांबला. दर शनिवारी फोनवर जावयाची निंदा व्हायची. मग एका शनिवारी फोन लागला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा निरोप आला, की आदल्या सकाळीच सगळं आटोपलं. सोबत अक्कांचा फोटो, त्याला चंदनाचा हार. घरात मी एकटी होते. त्यांचा कढीपत्ता गॅलरीत हातभर वाढलेला. मी त्याच्यासमोर बसून मोठ्याने रडले. मग दुःख झालं वगैरे टाइप करायला घेतलं, आणि सगळं पुसून टाकलं.

हार काय, हार तर आम्ही बाळंतिणीलाही घातला होता. अक्कांचा देह मी पाहिलेला नाही.