माझ्या लोगोतलं संत्रं

खरं सांगते, दुपारपासून मले भीती वाटून राहिली.

मी अमरावतीत ग्राफिक डिझाइन शिकते. संत्र्याच्या ब्रँडसाठी केलेले आमचे लोगो आज सरांनी भिंतीवर लावले. आमच्यातल्या चौघींचं संत्रं सारखंच निघालं, गोल, केशरी, वर एक पान. कोणी कोणाचं पाहिलं नव्हतं. साऱ्यांनी संत्र्याचं चित्र एकाच साइटवर शोधलं होतं.

माझं गाव शेंदूरजनाघाट, संत्र्याची बाग घरची. बाबाले लोगो पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं, "हे कोनाच्या बागेतलं व्हय वं?"

ते थट्टा करत होते, पण मले हसू आलं नाही. फोन ठेवून मी डोळे मिटले आणि आमचं झाड आठवून पाहिलं. फांदीवर लोगोतलंच संत्रं दिसलं.

तुमाले डोळे मिटल्यावर स्वतःचं काही दिसते का?