डोळ्यामागं चार आणे

बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हाची गोष्ट. बाळीवेशीत दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक पेंटर होता. पाट्यांचं काम नसलं की तो बुद्धिबळाच्या कोरीव लाकडी सोंगट्या रंगवून द्यायचा, आणि मजुरी डोळे मोजून सांगायचा. डोळ्यामागं चार आणे. मिशा, फेटे, झुली त्यातच. मी शाळामास्तर. वडिलांच्या रंग उडालेल्या सोंगट्या घेऊन गेलो, तर त्यानं हत्तीची मजुरी राजाच्या दुप्पट सांगितली.

"अहो, राजापेक्षा हत्ती महाग?"

"वर माहूत बसलाय की, मास्तर. चार डोळं झालं."

"मग प्यादी तरी स्वस्तात करा. ती मरायलाच असतात."

त्यानं कानावरचा ब्रश काढून माझ्याकडं रोखला. "उघड्या डोळ्यानं मरायला जातंय त्ये. आठ आणे."

मी सोंगट्या त्याच्याकडं सोपवल्या.

डोळा काढताना तो श्वास धरायचा, आणि एकदा काढलेल्या डोळ्याला पुन्हा ब्रश लावायचा नाही. पंधरा दिवसांनी मी पैसे दिले, तर त्यानं चार आणे परत केले. एका प्याद्याचा डोळा तिरका झाला होता म्हणे. मी चष्मा पुसून पाहिलं.

"सरळच आहे हो. ठेवा पैसे."

"तुमाला सरळ दिसतंय," तो म्हणाला, "पर माझ्याकडं त्ये तिरकंच बघतंय की."

ते प्यादं मी अजून राजाच्या पुढ्यात मांडतो, आणि होता होईतो मरू देत नाही.