वामनरावांचा लाल पट्टा

भिवगडच्या माणसाला घर कुठे म्हणून विचारलं, तर तो गल्ली सांगत नाही, आकडा सांगतो. आम्ही एकशेवीसवाले, ते पंचाऐंशीवाले. आकडा म्हणजे परकोटापासूनचं मीटरमधलं अंतर. गोंडराजांच्या वेळची ती दगडी भिंत सरकारी संरक्षणाखाली आहे. तिच्यापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, त्यापुढे परवानगी काढून करायचं, असा कायदा आहे. आतलं जुनं घर परवानगीनं दुरुस्त करता येतं, पण एकदा पाडलं की ते गेलंच. त्यामुळे सोयरिकीच्या बैठकीतसुद्धा मुलीकडचे आधी आकडा विचारतात आणि मग मुलाचं शिक्षण.

हे आकडे गावाला दिले वामनराव खोब्रागडे यांनी. माणूस इंजिनिअर नव्हे, ओव्हरसियरही नव्हे. आधी ग्रामपंचायत आणि मग नगरपंचायत, मिळून एकोणतीस वर्षं त्यांनी मोजणीच्या टेपचं टोक धरलं. साहेब दुसऱ्या टोकाला, सावलीत, आणि वामनराव परकोटाला चिकटून, बाभळीच्या काट्यांत. भिंतीच्या आतल्या बाजूला मातीचा आणि कचऱ्याचा मोठा उंचवटा होता. त्यावर चढून दरवेळी नवी जागा शोधायला नको म्हणून त्यांनी भिंतीवर छातीच्या उंचीला लाल रंगाचा पट्टा ओढून ठेवला होता. साहेब आले नि गेले, पट्टा राहिला. प्रत्येक फायलीत अंतर त्या पट्ट्यापासूनच लागत गेलं.

याचा वामनरावांना अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत. निवृत्तीनंतर चौकातल्या टपरीवर चहा पिताना ते कुणाचंही घर डोळे मिटून सांगत, सेंटिमीटरसकट. थापा मारतो म्हणावं तर टेप लावल्यावर आकडा बरोबर निघायचा. पुढे पुढे तर लोकांनी कागदाची वाट पाहणंच सोडलं. रीत अशी की आधी परवानगी, मग पाडापाडी. भिवगडची रीत अशी की वामनराव ‘एकशे चार’ म्हणाले की दुसऱ्या दिवशी छपराचे कवेलू उतरवायला सुरुवात. परवानगी काय, येईल मागाहून. इतकी वर्षं ती येतही होती, म्हणून कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

इंदुताई मेश्राम यांना त्यांनी एकशे चारच सांगितलं होतं.

इंदुताई अंगणवाडीत मदतनीस होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा संघपाल ब्रह्मपुरीच्या लाईनवर जीप चालवायचा आणि सून नूतन शिलाई करायची. मातीच्या भिंतींचं त्यांचं दोन खोल्यांचं घर बुद्धविहाराच्या मागे होतं. भिंतीला ओल होती, पण घर उभं होतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा इंदुताईंनी वामनरावांनाच बोलावलं. दोघं एकाच विहारातले. वंदनेला शेजारी बसायचे, आणि अडीअडचणीला इंदुताई त्यांनाच हाक मारायच्या.

“भाऊ, पाडू का?”

“बिनधास्त पाडा, बाई. एकशे चारवर आहे तुमचं. मी मोजलं हाये.”

होळीनंतर घर पाडलं. चौघांनी मिळून, एका दिवसात. प्लॉटच्या कोपऱ्यात टिनाचं शेड टाकलं, त्यात चूल, शिलाई मशीन आणि बाबासाहेबांचा फोटो. मग संघपालने परवानगीची फाईल टाकली.

त्याच सुमारास परकोटाच्या डागडुजीचं काम निघालं. बाहेरचे मजूर आले. त्यांनी बाभळी तोडल्या, कचरा उचलला, उंचवटा खणायला घेतला. पंधराएक दिवसांनी वामनराव सकाळचे फिरत तिकडे गेले आणि जागच्या जागी थांबले. उंचवट्याखाली माती नव्हतीच. घडीव दगडांचा चौथरा होता, पायऱ्यांसकट, थेट भिंतीला जोडलेला. परकोटाचाच भाग. भिंतीपासून तो आत गावाकडे आला होता. वामनरावांनी पावलं टाकली. अकरा मीटर. मोजणी पावलांचीच, पण त्यांची पावलं चुकत नसत.

एकोणतीस वर्षं ते परकोटावर उभं राहून परकोट शोधत होते.

हिशोब करायला त्यांना कागद लागला नाही. परकोट चौथऱ्याच्या कडेपासून धरायचा, म्हणजे इंदुताईंचं अंतर त्र्याण्णव. प्लॉटची खोली नऊ मीटर. मागच्या बाजूला दोन मीटर तेवढे शंभरच्या पलीकडे जातात, आणि त्यांत म्हैससुद्धा धड उभी राहत नाही. ज्यांची घरं परवानगीनं बांधून झाली होती त्यांना आता कुणी हात लावणार नव्हतं. अडकणार होत्या एकट्या इंदुताई. जुनं घर उभं असतं तर दुरुस्तीची परवानगी मिळाली असती. ते पाडायला ‘बिनधास्त’ कोण म्हणालं होतं? त्या दिवशी ते टपरीवर गेले नाहीत.

इंदुताईंच्या प्लॉटच्या मोजणीची तारीख आठवड्यानं होती. नगरपंचायतीच्या नव्या इंजिनिअर माधवी मॅडम वरोऱ्याकडच्या, येऊन तीन महिनेही झाले नव्हते. जुन्या फायली वाचून त्यांना एवढं कळलं होतं की भिवगडात मोजणी वामनरावांशिवाय होत नाही. त्यांनी मुद्दाम निरोप धाडला.

मोजणीच्या दिवशी निम्मा मोहल्ला जमला. संघपालने त्या दिवशी जीप काढली नव्हती. नूतनने सगळ्यांसाठी चहा केला होता. इंदुताई धुतलेलं पांढरं पातळ नेसून शेडच्या दाराशी उभ्या होत्या.

“काका, नेहमीच्या खुणेपासून धरा,” मॅडम लांबून म्हणाल्या. “नवीन नकाशा अजून आला नाही. जुन्या नकाशावरच करू.”

वामनराव टेपचं टोक घेऊन चौथऱ्यावर चढले. समोर लाल पट्टा होता. पंधराएक पावलं पुढे जायचं आणि हात टेकवायचा, बस. मॅडमच लिहून घेत होत्या, कुणी चोर म्हणणार नव्हतं. जावं असं त्यांना फार वाटलं, हे कबूल करायला हवं. पण चौथरा दाखवणारा नवा नकाशा आज ना उद्या येणारच. तोवर घर छपरापर्यंत आलेलं असेल. मग नोटीस येईल आणि दुसऱ्यांदा पाडलं जाईल, यावेळी सरकारी मशीननं. असं एक घर त्यांनी पाहिलं होतं. आणि दुसरं म्हणजे, चूक माहीत नसताना टेप धरणं वेगळं आणि माहीत असताना धरणं वेगळं. ते पायऱ्या उतरून खाली आले आणि त्यांनी टोक चौथऱ्याच्या कडेला दाबून धरलं.

“मॅडम, परकोट इथून सुरू होते,” ते म्हणाले. “मी आजपर्यंत चुकीचा धरला.”

मॅडम आल्या, त्यांनी चौथरा पाहिला, फोटो काढले. मग टेप ओढला गेला. त्र्याण्णव मीटर वीस. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला आणि लिहिला. “नाही होणार,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. संघपाल चहाचा कप तसाच खाली ठेवून निघून गेला. लोक पांगले. कुणी वामनरावांना शिवी दिली नाही. दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

इंदुताई जागच्या हलल्या नव्हत्या. वामनराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

“बाई, चूक माझी आहे. तसं लिहून देतो मी, सही करून.”

“त्या लाल खुणेपासून धरला असता त एकशे चार भरलं असतं ना जी?”

“हो.”

“मंग काऊन नाई धरला?”

“घर बांधून पडलं असतं, बाई.”

“अन् हे न बांधताच पडलं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मी तुमाले विचारून पाडलं, भाऊ. कागदाले नाई विचारलं, साहेबाले नाई विचारलं. तुमाले विचारलं.”

वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं घर एकशेसाठवर, पक्कं, चार खोल्यांचं. बायको गेल्यापासून तीन खोल्या रिकाम्याच होत्या. आठवडाभर ते मनात हेच घोकत होते आणि आता घाईघाईनं बोलून गेले, “माझ्या घरी चला. समोरच्या दोन खोल्या तुमच्या. पायजे तं नावावर करून देतो. कोर्टात जाऊन.”

इंदुताईंनी शेडच्या मागे, जिथे जुन्या घराचं जोतं अजून दिसत होतं, तिकडे पाहिलं.

“तुमचं घर चांगलं आहे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “पण मले तुमचं नाई पायजे. माझं होतं ते पायजे.”

मग इंदुताई आत गेल्या आणि लोकांनी ठेवून दिलेले कप विसळायला बसल्या.