न्हाव्याच्या डोक्यावरचे केस

माझी मैत्रीण माझ्याच शाळेत चौथीच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे माणसांना रंगावरून वेगळं काढत, वेगळ्या वस्तीत ठेवत, तो काळ ती मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचून शिकवते. रोज एक प्रकरण. मग एकच प्रश्न : "यातलं आपल्या घरात कोण?" नियम असा, की उत्तर आधी बाईंनी द्यायचं, मग मुलांनी.

वर्गात नेण्याआधी ती प्रत्येक प्रकरण वडिलांना वाचून दाखवते. वडील न्हावी. सुट्टीच्या दुपारी शटर अर्धं खाली ओढून ते वस्तरे पुसत बसतात आणि ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून वाचते. त्यांनी जांभई दिली, की तेवढा भाग गाळायचा. त्यांचं स्वतःचं डोकं कायम तुळतुळीत. गिऱ्हाइकं चिडवतात, "धंदा स्वतःच्याच डोक्यावर शिकलात वाटतं." तेही हसतात.

त्या दुपारी मी तिथे होते. गोष्टीत दोन भाऊ होते, एक काळा, एक उजळ. उजळ भाऊ गोरा म्हणून गोऱ्यांच्या वस्तीत राहायला निघालेला. कुरळ्या केसांनी घात करू नये म्हणून आई त्याचं डोकं भादरते.

"आई नाही," वडील म्हणाले.

"काय?"

"आईचे हात कापतात. तिला जमत नाही. भाऊ भादरतो."

"बाबा, पुस्तकात आई आहे."

"असेल. माझं भावानं भादरलं."

तिचं बोट ओळीवरच राहिलं. तिला काका नव्हता. बाबा एकुलते एक, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

वडिलांचा हात थांबला नाही. "धंदाही त्यानंच शिकवला. एकदा इथे आला होता. या खुर्चीत बसला. म्हणाला, नुसती दाढी कर."

"मग?"

"दुकानात माणसं होती. मी म्हटलं, तुमच्यासारख्यांची इथे होत नाही."

ती खुर्चीतून उठली.

"त्यानं गळ्याचा टॉवेल काढला, घडी घातली, माझ्या हातावर ठेवला," ते म्हणाले. "तू पायरीवर खेळत होतीस. त्याला टाटा केलंस."

पुस्तक मिटून ती म्हणाली, "उद्या हेच प्रकरण आहे. आधी मला उत्तर द्यावं लागतं. काय सांगू?"

"दुसरं पुस्तक घे."

"मुलं अर्ध्यावर सोडणार नाहीत."

"तुझी आई गेली. तिलाही मी सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं प्रकरण वाचलं. मग म्हणाली, "यातला उजळ भाऊ आमच्या घरात आहे. माझे बाबा." पुढचं सगळं सांगितलं, टॉवेलासकट. मग पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, मग ते काका आता कुठे असतात?"

हे आम्हा दोघींपैकी कुणालाच विचारायचं सुचलं नव्हतं.

तिनं तो प्रश्न तसाच घरी नेला. वडील उठून आत गेले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पण त्यांनी डोक्याला वस्तरा लावणं बंद केलं. पांढरे, घट्ट कुरळे केस उगवले. एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "हे काय उगवलंय?"

"माझेच आहेत," ते म्हणाले. ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

मग एका कामाच्या दिवशी, आम्ही दोघी शाळेतून दुकानात आलो तेव्हा, त्यांनी शटर ओढलं. पिशवीत दाढीचा ब्रश, साबण, वस्तरा आणि धुतलेला टॉवेल.

"नदीपलीकडे राहतो," ते म्हणाले. "जागा बदलली नसेल तर."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. नदी आमच्या शाळेच्या गच्चीवरून दिसायची.

"जिवंत आहेत?" तिनं विचारलं.

"माहीत नाही." ते पायरीवर थांबले. "टोपी घालू का गं?"

"नको, बाबा."

त्यांनी टोपी शटरच्या कडीला अडकवली आणि बसच्या थांब्याकडे चालू लागले.