चाऱ्यातला च

वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं त्याला आता दोन वर्षं होतील. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागलं. डॉक्टरांनी आधी सगळं समजावून सांगितलं होतं. तरी घरी आल्यावर पहिल्या सकाळी आप्पांनी मला हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसते ओठ हलले. मी ओट्याकडे तोंड करून उभी होते, मला कळलंच नाही. शेवटी त्यांनी तांब्या फरशीवर आपटला.

आप्पा एसटीत कंडक्टर होते, शिरूर डेपोला. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं, पण किरणं दिल्यामुळे गळ्याची कातडी कडक झाली होती आणि त्यातून फक्त घरघर यायची. दोन आठवड्यांत त्यांनी ते कपाटात टाकलं आणि एक वही घेतली. जसं बोलायचे तसंच लिहायचे. ‘च्या कर.’ ‘लाईट गेली व्हय?’ ‘मला भूक न्हाई.’ आई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे वहीवर आमचं भागायचं.

अडत होतं ते आत्याचं. आत्या आप्पांची मोठी बहीण, तळेगाव ढमढेऱ्याला असते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे मेसेजचा काही उपयोग नाही. ऑपरेशनच्या आधी दोघं रोज संध्याकाळी फोनवर बोलायची. काय बोलायची देव जाणे, कारण दोघांच्या आयुष्यात रोज नवीन असं काहीच घडत नव्हतं. पण अर्धा तास जायचा. आता तिचा फोन आला की आप्पा फोन माझ्याकडे द्यायचे आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे.

मोबाईलवर लिहिलेलं वाचून दाखवणारं एक अ‍ॅप मी शोधलं. त्यात बाईचा आवाज होता, तरणा आणि गोड. आप्पांनी एकदा ऐकलं आणि वहीत लिहिलं, ‘मी बाई न्हाई.’ विषय संपला.

मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. कॉम्प्युटरचं माझं शिक्षण नाही, पण कंपनीतून बाद झालेला एक लॅपटॉप मी घरी आणला होता आणि विंडोज चालेना म्हणून त्यावर लिनक्स टाकलं होतं. त्यावर पुरुषी आवाजात मराठी बोलणारा एक मोफत प्रोग्राम मिळाला. मी आप्पांचं वाक्य त्यात टाकलं आणि लॅपटॉपजवळ फोन धरून आत्याला लावला.

“आक्के, माझं चांगलं चाललंय. जरा बोल,” मशीन म्हणालं.

पलीकडून आत्याचा आवाज आला, “कोन हायेस रं तू? ओटीपी मागतो व्हय? माझ्याकडं काय न्हाई, ठेव फोन!” आणि तिनंच ठेवला.

तिची चूक नव्हती. मशीन ‘माझं’ आणि ‘चांगलं’ असं म्हणत होतं की एखादा नुकताच कंपनीत लागलेला बिहारचा पोरगा मराठी बोलायला बघतोय. मराठीत दोन च आहेत, दोन ज आहेत, दोन झ आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. चहातला च त्याला येत होता, चमच्यातला येत नव्हता.

प्रोग्रामच्या पानावर मी वाचलं की नवीन आवृत्तीत मराठीत सुधारणा आहेत आणि उच्चाराच्या फायली आपल्याला बदलता येतात. अट एकच. नवीन आवृत्ती तयार मिळत नाही, तिचा सोर्स कोड घेऊन ती आपल्या मशीनवर स्वतः तयार करायची. खाली फक्त चार ओळी होत्या. ही ओळ टाइप करा, मग ही, मग ही. मला वाटलं, चार ओळींचं तर काम आहे, एका सुट्टीत होईल.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी, आणि आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट बंद ठेवतात तीही गुरुवारीच. लॅपटॉपची बॅटरी चाळीस मिनिटं टिकायची. सकाळी नऊला लाइट जायची, म्हणून मी साडेसहाला उठून बसायचे. पहिली ओळ टाकली, तर अमुक साधन नाही. ते टाकलं, तर तमुक नाही. तमुक टाकायला गेले, तर त्याला तिसरंच काहीतरी हवं, आणि ते माझ्या जुन्या लिनक्सला मिळेना, म्हणून आधी लिनक्स नवीन करा. मोबाईलच्या नेटवर ते उतरायला बसलं. पाऊण झालं आणि लाइट गेली. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा पहिल्यापासून.

आप्पा समोर खुर्चीवर वही घेऊन बसायचे. त्यांना वाटायचं आता होईल. मला त्यांच्या त्या बसण्याचाच जास्त त्रास व्हायचा. “तुम्ही जावा की बाहेर, कट्ट्यावर बसा,” मी म्हणायचे. ते मान हलवायचे आणि बसून राहायचे.

तिसऱ्या गुरुवारी शेवटी गाडी पुढे सरकली. पडद्यावर शेकडो ओळी धावायला लागल्या, मध्येच कुठे कुठे इशारे. वीस मिनिटांनी सगळं थांबलं. एकही चूक नाही. मी दोनदा वर जाऊन तपासलं. चूक नाही. मग मी ‘नमस्कार’ टाइप केलं आणि एंटर दाबलं.

आवाजच नाही.

मी आवाज वाढवला. इयरफोन लावून बघितलं. एक गाणं लावलं, ते ठणठणीत वाजलं. परत ‘नमस्कार’. शांतता. प्रोग्राम तक्रारही करत नव्हता. त्याच्या मते तो बोलला होता.

आप्पांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. ‘ह्याचाबी घसा गेला का काय?’

ते हसत होते. खांदे हलत होते आणि श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसती हवा फुसफुसत होती. त्यांना हसताना मी बऱ्याच महिन्यांनी बघत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मला हसू आलं नाही. मी उठून मागच्या दारी गेले आणि सकाळची भांडी मुद्दाम आवाज करत घासली.

कारण सापडायला आणखी एक गुरुवार गेला. तयारीच्या वेळी प्रोग्रामने एक यादी दाखवली होती, काय आहे आणि काय नाही त्याची. आवाज स्पीकरपर्यंत पोचवणाऱ्या भागासमोर ‘नाही’ असं लिहिलं होतं. मी वाचलंच नव्हतं. अरे, पण बोलायचाच प्रोग्राम आहे ना तू? आवाजाचा भाग नाही म्हटल्यावर तिथंच थांबायचं ना! तो थांबला नाही. मुका झाला तरी ‘झालं’ म्हणून मोकळा.

तो भाग घातला, पुन्हा सगळं तयार केलं, आणि मशीन बोललं. आता च दुरुस्त करायचा. उच्चाराच्या फाइलमध्ये मी नियम लिहिला. काही फरक नाही. नियम बदलला. फरक नाही. दोन आठवडे मी रोज कामावरून आल्यावर जेवायच्या आधी बसत होते आणि तो आपला तेच ‘माझं’ म्हणत होता. मला वाटायला लागलं की माझ्या कानातच दोष आहे. आप्पांना विचारलं, “आता वेगळं वाटतंय का?” तेही मन राखायला मान डोलवायला लागले. तेव्हा मात्र मी त्यांच्यावर ओरडले. “खोटं कशाला सांगता? न्हाई वाटत तर न्हाई म्हणा!”

त्यांनी वही मिटून ठेवली. त्या संध्याकाळी आमच्यात काही बोलणं झालं नाही, म्हणजे काही लिहिणं झालं नाही.

कंपनीच्या बसमध्ये आमच्या आयटीचे एक सर माझ्या पुढच्या सीटवर असतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मागे वळून शांतपणे विचारलं, “मॅडम, जुना प्रोग्राम काढला होता का?”

नव्हता काढला. जुना आणि नवा दोघं एकाच लॅपटॉपवर नांदत होते. मी बदल करायचे नव्यात आणि उत्तर द्यायचा जुना. दोन आठवडे मी चुकीच्या माणसाशी भांडत होते. बसमध्ये सगळ्यांच्या देखत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. सरांना वाटलं त्यांचंच काही चुकलं.

जुना काढल्यावर खरं काम पुढे आलं. नियम करता येईना, कारण नियम नाहीच. ‘चार’ एक आणि ‘चारा’ दुसरा. ‘जन्म’ एक आणि ‘जरा’ दुसरा. प्रत्येक शब्द वेगळा सांगायला हवा. मी आणि आप्पा यादी करायला बसलो. काही शब्दांना मीच गोंधळायचे. शंभरदा म्हटलं की कुठलाही च बरोबर वाटायला लागतो. मग आप्पा तो शब्द तोंडानं करून दाखवायचे. आवाज नव्हता, पण जीभ होती, दात होते. ‘चूल’ म्हणताना त्यांची जीभ दातांमागे टेकायची आणि एक बारीक ‘त्स’ ऐकू यायचा. ऑपरेशननंतर त्यांच्या तोंडून आलेलं अक्षर मी पहिल्यांदा ऐकलं ते असं. मी कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन ‘चाक’ ऐकलं, ‘चोर’ ऐकलं, ‘जावई’ ऐकला. जावयाच्या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच रोखून बघितलं. मी म्हटलं, “पुढचा शब्द घ्या.”

साठेक शब्द झाले तेव्हा आम्ही आत्याला फोन लावला. मशीन म्हणालं, “आक्के, मी बोलतोय. माझं चांगलं चाललंय.” सगळे च, सगळे झ जागच्या जागी.

“कोन?” आत्या म्हणाली.

आप्पांनी पेनानं फोनवर दोनदा ठोकलं. टक टक.

“हां, तू हायेस व्हय भावा,” आत्याचा आवाज एकदम सैल झाला. “मग ते काय लावलंय मधी? बंद कर ते आधी. कांदं काढलं आमचं. पोराचं अजून जमंना कुठं. तुझं जेवान झालं का?”

टक.

“पोरगी घरी हाय व्हय?”

टक.

“बरं. खोकला हाय का अजून?”

टक टक.

एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. आणि सुरुवातीच्या दोन टकटकींचा अर्थ ‘मी आहे’. फोन ठेवल्यावर मी विचारलं, “हे कधीपासून?”

आप्पांनी वहीत लिहिलं, ‘दोन म्हैनं झालं. तू कामावर आस्ती तवा.’

“मग मला सांगितलं का न्हाई?”

त्यांनी लिहिलं, ‘तू लई लागली व्हतीस.’

त्यांना वाटलं असेल मी हे वाचून निवळेन. मी अजिबात निवळले नाही. माझे एवढे गुरुवार गेले होते. लॅपटॉप मिटला, बॅगेत कोंबला आणि आठवडाभर बाहेर काढला नाही. आजही सांगते, बहीणभावाचं बोलणं सुरू होतं याचा आनंद मला झाला तो नंतर, आणि तोही थोडाच.

लॅपटॉप परत काढायला लावला तो आप्पांनीच. बँकेत, दवाखान्यात समोरच्याला वही वाचायला वेळ नसतो, तिथं हे उपयोगी पडेल असं त्यांनी ठरवलं. माझ्याकडून टाइप करायला शिकून एका सकाळी ते पिशवीत लॅपटॉप घालून एकटे बँकेत गेले आणि खिडकीसमोर उघडून “जरा माझं पासबुक भरून द्या” असं मशीनला म्हणायला लावलं. रांगेतले लोक वळून बघायला लागले. काम झालं. घरी येऊन त्यांनी मला तो प्रसंग दीड पान लिहून सांगितला.

शब्दांची यादी मी प्रोग्राम बनवणाऱ्यांना पाठवली होती. त्यांचं उत्तर आलं. यादी चांगली आहे, पण अमुक पद्धतीनं मांडून, चाचण्या जोडून पुन्हा पाठवावी. ते अजून माझ्याच्यानं झालेलं नाही. दरम्यान आप्पांना यादीचा नाद लागला आहे. रोज दहा-पंधरा नवे शब्द निघतात. परवाच्या पानावर चिंच, चवळी, जांभूळ, चुलता आणि चावट असे शब्द आहेत. चिंचेत दोन्ही च आहेत, म्हणून तिच्यापुढे त्यांनी लाल पेनानं प्रश्नचिन्ह केलं आहे. माझी सुट्टी कधी, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.