मेलच्या पोर्टला लावलेलं कुलूप

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ई-मेल हे मोठं नवलाचं प्रकरण होतं. शहरातल्या एका संस्थेचं यंत्र सकाळ-संध्याकाळ आमच्या यंत्राला फोन करी, आलेली पत्रं टाकी आणि आमची उचलून नेई. आमच्या यंत्राने स्वतः फोन करायची सोय नव्हती. फोनची तार मोडेममधून ज्या पोर्टला जाई, तेच या सगळ्या टपालाचं दार.

आमचे साहेब मुलुंडचे, कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारे. कुठल्याशा मासिकात त्यांनी परदेशातल्या संगणक-चोऱ्या वाचल्या आणि सकाळीच माझ्यासमोर उभे राहिले.

"आपला पोर्ट तपास. कुणीही आत येत असेल तर आजच्या आज बंदोबस्त कर."

मी शेजारच्या खोलीतल्या मोडेमवरून आमच्याच नंबरला फोन लावून पाहिला. यंत्राने काही न विचारता मला आत घेतलं. मी तेव्हा पंचविशीची, अक्कल उतू चाललेली. असा अवघड पासवर्ड घातला की साहेबसुद्धा "झकास!" म्हणाले. तो संस्थेला कळवायला हवा, म्हणून लगेच ई-मेलही लिहून ठेवला.

मग दोन दिवस एकही पत्र आलं नाही. साहेब दर तासाला यायचे.

"काही आलं का गं?"

"नाही, साहेब."

एवढं काय टपाल अडलंय, असं शेवटी मीच वैतागून विचारलं, तेव्हा कळलं. मुलगी अमेरिकेत, बाळंतपण तोंडावर आलेलं. घरच्या फोनसाठी अर्ज करून वर्षं झाली होती, म्हणून साहेबांनी जावयाला ऑफिसात ई-मेल करायला सांगितलं होतं. ऑफिसचा मेल घरच्या कामाला वापरायचा नाही, हा नियमही त्यांचाच. त्यामुळे बिचाऱ्यांना धड ओरडताही येईना.

तिसऱ्या दिवशी संस्थेतल्या बाईंचा फोन आला. "अहो, तुमचं मशीन आम्हाला आत घेत नाहीये!"

"पासवर्ड घातलाय. कळवलाय की तुम्हाला!"

"कसा?"

"मेलने," म्हटलं आणि जीभ चावली. बाई इतक्या हसल्या की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. मग तो परमगुप्त पासवर्ड मी सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांना सांगितला.

दहा मिनिटांत मोडेम किरकिरला. जावयाची दोन पत्रं एकदमच आली. पहिलं : हिचं ब्लडप्रेशर फार वाढलंय, आत्ताच ऑपरेशनला नेलंय, मला काही सुचत नाहीये. दुसरं, त्यानंतरच्या दिवसाचं : मुलगी झाली, दोघी सुखरूप.

पडद्यावर दोन्ही एकाखाली एक होती, तरी साहेब पहिल्यावरच अडकले. चष्मा पुसून त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"साहेब, खालचं बघा ना," मी म्हटलं. मला रडू फुटत होतं. "चूक माझी आहे."

"कुलूप लावायला मीच सांगितलं." चष्मा परत चढवत ते म्हणाले, "खालचं तेवढं छापून दे. वरचं पुसून टाक. पोर तिकडे टेबलावर होती आणि आम्ही दोघं इथे घरी लोणच्याच्या कैऱ्या फोडत होतो, हे तिच्या आईला कळायला नको."

मी पुसलं. साहेब कागदाची घडी खिशात घालून खाली गेले आणि सगळ्यांसाठी जिलबी घेऊन आले. ऑफिसने त्यांना "आजोबा, आजोबा" म्हणून चिडवून घेतलं. तेही हसत होते. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.