टेबलाखालची गोदाबाई

महागू सुताराच्या दुकानात टेबलाच्या वर महागू असायचा आणि टेबलाच्या खाली गोदाबाई, त्याची बायको. गिऱ्हाईक यायचं, दारं-चौकटींवर हात फिरवून महागूची वाहवा करायचं, चहा पिऊन जायचं. खाली एक बाई बसली आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसे.

ती तिथं का बसायची, हे सांगायचं तर आधी भवऱ्याबद्दल सांगावं लागेल. भवरा हे दुकानातलं लाडाचं नाव. खरं नाव राउटर. लाकडात खाच पाडणारं, कडेला सुबक गोलाई देणारं विजेवरचं यंत्र. खाणीवरचा एक गोरा साहेब मायदेशी परत गेला, तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं आणि त्यात हे जुनं धूड महागूच्या हाती लागलं. साहेब ते हातात धरून लाकडावर चालवत असे म्हणे. महागूनं ते उलटं केलं आणि सागवानी टेबलाच्या पोटाशी खालून टांगलं. फिरणारं पातं तेवढं भोकातून वर डोकावायचं. आता यंत्र जागचं हलत नसे, लाकूडच त्याच्यावरून सरकवायचं. रंध्यानं दिवसभर खपून जे व्हायचं, ते चहा निवायच्या आत होऊ लागलं. सन पासष्ट-सहासष्टच्या बालाघाटात हा तमाशा बघायला बसस्टँडवरची माणसं बस सोडून यायची. बैहरकडं जाणाऱ्या बसचा कंडक्टर तर सरळ दुकानात येऊन ओरडायचा.

पण हत्ती घेतला म्हणजे त्याच्या चाऱ्याची सोयही बघावी लागते. प्रत्येक कामाला पातं कमी-जास्त वर हवं. त्यासाठी अख्खं यंत्र खालून उचलायचं, बरोबर त्या मापावर निश्चल धरायचं आणि बाजूचा बोल्ट आवळायचा. महागू वर पट्टी घेऊन माप बघणार, मग खाली कोण? पाचरी ठोकून पाहिल्या, त्या हादऱ्यानं निसटायच्या. एके दिवशी गोदाबाई जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा महागू म्हणाला, "जरा हात लाव व." हातावर काही ते पेलेना. तेव्हा तिनं घागरीखालची चुंबळ डोक्यावर ठेवली, टेबलाखाली मांडी घातली, यंत्र डोक्यावर घेतलं, पाठ ताठ केली आणि म्हणाली, "हं, सांगा."

"थोडी वर. अजून सूतभर. लय झालं, अर्धा सूत खाली. बस!"

सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. त्याचाही अर्धा गोदाबाई नुसत्या श्वासावर द्यायची. धानाचे भारे वाहिलेली मान होती ती. महागू सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, "बाईची मान नाही, माह्यी पट्टी आहे." गोदाबाई खाली बसून भुसा झटकायची आणि मनातल्या मनात फुलायची. खोटं कशाला बोला, तिलाही भवऱ्याचा अभिमान होता. तालुक्यात कुठंही गोलाईचं दार दिसलं की ती त्याच्याकडं आपल्या पोराकडं बघावं तशी बघायची.

मग तिच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. आधी पोळी लाटताना लाटणं सुटलं. मग चहाची कपबशी. तिनं कुणाला सांगितलं नाही. पण एकदा माप धरलेलं असताना बोल्ट आवळायला बोटंच वळेनात, तेव्हा बिंग फुटलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं मान दाबून पाहिली आणि स्वच्छ सांगितलं, "डोक्यावर ओझं बंद. नाही ऐकलं, तर हा हात जाईल."

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना महागू म्हणाला, "मशीन विकून टाकू." एवढं बोलून तो आत गेला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. गोदाबाईला तिथंच रडू आलं. हात जायची भीती होतीच, पण भवरा नसलेल्या दुकानात हा माणूस कसा दिसेल, हे तिला बघवणार नव्हतं.

विसाव्यासाठी ती माहेरी गेली, लालबर्ऱ्याकडच्या एका खेड्यात. धान पोटरीत, लोंबी फुटायच्या बेतात आलं होतं आणि पावसानं दडी मारली होती. सगळा गाव तलावाकडं बघत होता. तलावाचं दार उघडणारा चौकीदार तापानं फणफणला होता, म्हणून त्याची म्हातारी आई शेवंताबाई चावी घेऊन तलावाच्या बांधावर आली. गोदाबाई सहज तिच्यामागं गेली. म्हातारी म्हणजे नुसतं चिपाड. तिनं कुलूप काढलं, दाराच्या वर बसवलेल्या चाकाला हात घातला आणि सुपारी चघळत ते फिरवू लागली. खाली पाण्यात बुडालेलं लोखंडी दार, त्याच्यामागं अख्खा तलाव रेटा देत उभा, आणि ते दार वर येऊ लागलं! पाणी धडाडत कालव्यात पडलं. गोदाबाईच्या अंगावर काटा आला.

"मावशी, एवढं कसं उचलता व तुमी?"

"मी कुठं उचलतो पोरी? हे आटे उचलते." म्हातारीनं दारातून वर आलेली जाड दांडी दाखवली. तिच्यावर स्क्रूसारखे आटे पाडलेले होते. "मी फकत फिरवतो. आन हे पाह्य." तिनं दोन्ही हात सोडले, पदराला पुसले. दार जिथल्या तिथं. तलाव रेटा देतोय आणि दार जिथल्या तिथं!

गोदाबाई बराच वेळ त्या दांडीकडं बघत राहिली. देवळातसुद्धा ती इतकी कधी हरखली नव्हती. उचलायचं आणि धरूनही ठेवायचं, तेही कुणाच्या मानेवाचून!

दुसऱ्याच दिवशी ती घरी परतली. महागूनं सगळं ऐकलं आणि तो हसला. "कुठं तलाव आन कुठं भवरा! दाराले पाणी दाबते. इथं काय, फकत वजन."

"फकत वजन नाही जी. तुमची मशीन खोटी आहे. खाली असली तं कमी दाबते, वर नेली का जास्त दाबते. धानाचा भारा असा करत नाही."

महागूचं हसू विरलं. त्यानं यंत्र उतरवलं, ते ज्या दोन दांड्यांवर वर-खाली सरकायचं त्या उघडल्या. आत दोन जाड स्प्रिंगा दबून बसल्या होत्या. यंत्र हातात धरून चालवताना पातं लाकडातून वर उचलावं, म्हणून बनवणाऱ्यानं त्या घातल्या होत्या. यंत्र उलटं टांगल्यावर त्याच स्प्रिंगा त्याला खाली ढकलत होत्या, सरळ गोदाबाईच्या टाळूवर. बाहेर काढताच त्या महागूच्या तळहातावर वीतभर लांब झाल्या. तो कधी स्प्रिंगांकडं बघे, कधी बायकोकडं.

"तुले हे कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी 'सूतभर वर'च्या पुढं काही इचारलं का?"

महागू उठला आणि लाकूड आवळून धरायचा बापाच्या वेळचा शिकंजा खोलू लागला. त्यातली आट्यांची दांडी त्यानं टेबलात उभी बसवली, जागच्या जागी फिरेल पण वर-खाली होणार नाही अशी. तिचा नट यंत्राच्या अंगाला पक्का केला. वरून फिरवायला मूठ केली, काम झालं की काढून ठेवता येईल अशी. दोनदा चुकलं, एकदा दांडी तिरकी बसून जाम झाली आणि महागूनं साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी जमलं.

नट सरळ चढतो का, हे बघायला कुणीतरी खाली हवं होतं. महागूनं गोदाबाईच्या हातात मूठ दिली आणि गुडघे टेकत स्वतः टेबलाखाली शिरला.

गोदाबाईनं वायर काढलेली आहे ना, ते पुन्हा बघितलं. मग दोन बोटांनी मूठ फिरवली, त्याच उजव्या हाताच्या, जो जाणार होता. भोकातून पातं मुंगीच्या चालीनं वर आलं. एवढी वर्षं तिनं ते डोक्यावर घेतलं होतं, पण वर येताना कधी पाहिलं नव्हतं. तिनं मूठ सोडली. पातं जिथल्या तिथं. तिला हसावं की हात जोडावे कळेना. तिनं पुन्हा फिरवलं, पुन्हा सोडलं.

खालून मात्र काही आवाज येईना.

"अजी? अटकलं का?"

"नाही."

"मंग बोलत काहून नाही?"

महागू खाली उताणा पडला होता. त्याच्या तोंडासमोर ते काळं, लोखंडी धूड हळूहळू वर सरकत होतं. तिथूनच तो म्हणाला,

"इथून लय मोठी दिसते व ही मशीन."

"हौ," गोदाबाई म्हणाली. "दिसते. या आता बाहेर, डोक्शाले लागंल."